पाय आखडतात तेव्हा मज्जारज्जूत काय घडतं

नमस्कार श्रोतेहो.

वावरात अनवाणी चालताना उजव्या पायात बाभळीचा काटा रुतला, की पाय झटकन वर उचलला जातो. दुखल्याचं कळतं ते नंतर. त्याच वेळी डावा गुडघा ताठ होतो, म्हणून माणूस पडत नाही. हे मेंदू ठरवत नाही. काट्याची खबर मज्जारज्जूत पोचते आणि तिथूनच दोन हुकूम सुटतात, उजव्यानं दुमडायचं, डाव्यानं भार घ्यायचा.

हा मज्जारज्जू कण्याच्या पोकळीत असतो, करंगळीएवढा जाड, साधारण ४५ सेंटिमीटर लांब. त्यातून नसांच्या ३१ जोड्या निघतात. हातांचं काम मानेजवळच्या फुगीर भागातून चालतं, पायांचं कंबरेच्या वरच्या भागातून.

चालण्याचा ठेकाही याच खालच्या भागात तयार होतो. ग्रॅहम ब्राऊन या शास्त्रज्ञानं १९११ मध्ये मांजरांवर हे दाखवलं. मेंदूशी असलेला मज्जारज्जूचा संबंध तोडला, पायांकडून येणारी खबरही बंद केली, तरी पायांचे स्नायू आळीपाळीनं आखडत आणि सैलावत राहिले. माणसात मात्र मेंदूचा वाटा मोठा. कधी निघायचं, किती जोर लावायचा हे तो सांगतो, आणि मज्जारज्जूला आवरूनही धरतो. हे हुकूम खाली आणणारे तंतू मेले, की आवर सुटतो. कालांतरानं पाय लुळे न राहता ताठ होतात.

आपल्या धानपट्ट्यात, भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत, हे नीट समजून घ्यायलाच हवं. कारण लाखोळी ही डाळ. उभ्या धानात ओलीवर फेकली तरी ती येते, पाऊस दगा देतो तेव्हाही तगते. पण तिच्यात ओडॅप नावाचं विष असतं आणि पाण्याचा ताण पडला की ते वाढतं. म्हणजे ज्या वर्षी घरात दुसरं काही नसतं, त्याच वर्षी ती जास्त घातक. दोन-तीन महिने रोजच्या जेवणात मुख्यतः लाखोळीच राहिली, तर मेंदूचे हुकूम खाली आणणारे हेच तंतू मरू शकतात.

आधी पोटऱ्यांत गोळे येतात, पाय जड वाटतात. मग टाचा टेकत नाहीत, चालताना मांड्या एकमेकींवर येतात, हातात काठी येते. गुडघ्याखाली हातोडी मारली तर पाय जोरात उडतो. स्पर्श मात्र बहुधा नीट कळतो. मालिशनं ताठरपणा थोडा हलका होईल, मेलेले तंतू परत येत नाहीत. म्हणून पहिला गोळा आला की लाखोळी बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. प्रत्येक ताठ पाय लाखोळीचाच नसतो, हेही ध्यानात ठेवा. पाठ दुखते, बारीक ताप राहतो, लघवी अडते, असं असेल तर मणक्याचा क्षयरोग असू शकतो. त्यावर औषध आहे, पण उशीर परवडत नाही.

हे विष पाण्यात उतरतं. डाळ चार-पाच पट उकळत्या पाण्यात काही तास भिजवा आणि ते पाणी फेका. नंतर भरपूर नव्या पाण्यात शिजवून तेही ओतून टाका. वरचं पाणी वरणात ठेवलं, तर विष ताटातच राहतं. एवढं करूनही सगळं जात नाही, तेव्हा तुरीच्या, मुगाच्या वरणाचेही दिवस ठेवा. आणि पेरायचीच असेल, तर रतन, प्रतीक किंवा महातिवडा या कमी विषाच्या जातींचं बियाणं मागा.