कापण्याआधी

(अंधारलेली खोली. पडद्यावर ओलसर गुलाबी बोगदा.)

हे मोठं आतडं. लांबी साधारण दीड मीटर.

१९६९ मध्ये न्यूयॉर्कला हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ या डॉक्टरांनी दुर्बिणीतूनच तारेचा फास टाकून पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेली गाठ, काढायला सुरुवात केली. पोट उघडायची गरज उरली नाही. आज पॉलिप दिसला की काढायचा, हा रिवाजच आहे. आणि तो योग्यही आहे, कारण अॅडिनोमा, म्हणजे अस्तरातल्या ग्रंथींपासून वाढलेला पॉलिप, वर्षानुवर्षं राहिला तर कर्करोगाकडे वळू शकतो. पण प्रत्येक उंचवटा अॅडिनोमा नसतो.

(लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथल्या झडपेजवळ पिवळसर गोळा.)

हा लायपोमा, चरबीची गाठ. बहुधा उजव्या बाजूला सापडतो. वरचं अस्तर शाबूत, गुळगुळीत. बंद चिमट्यानं दाबा. उशीवर बोट रुतावं तसा खड्डा पडतो, चिमटा उचलला की भरून येतो. लहान असेल, त्रास नसेल, तर राहू द्यावा. फासातून वीज सोडून कापतात, पण चरबीतून ती नीट वाहत नाही, त्यामुळे कापताना जास्त वेळ जाळावं लागतं आणि भिंतीला भोक पडण्याची भीती वाढते.

(देठावर लोंबणारा लालभडक गोळा.)

हा एका लहान मुलाच्या गुदाशयातला. शौचाला रक्त, पण दुखणं नाही. घरच्यांना मूळव्याध वाटते. हा जुव्हेनाईल पॉलिप. एकटाच असेल तर काढला की काम झालं. पाच किंवा त्याहून जास्त असतील तर मात्र आनुवंशिक आजाराचा शोध घ्यावाच लागतो.

(डाव्या बाजूचं आतडं. कॅमेरा थांबतो.)

आता हा नीट बघा. रंग आजूबाजूच्या अस्तरासारखाच. बुडाशी फिकट वलयं, पाण्यावर तरंग उठावेत तशी. शेजारी भिंतीत दोन-तीन खळगे.

हा पॉलिप नाहीच. भिंतीतला खळगा, म्हणजे डायव्हर्टिक्युलम, आत उलटा झालाय. पँटचा खिसा बाहेर ओढावा तसा. या खिशाला स्नायूचा थर नसतो. फास आवळला तर आतडं थेट पोटात उघडेल.

डॉक्टर आतड्यात थोडी हवा भरतात. बंद चिमट्याची टोकं अलगद टेकवतात.

(उंचवटा हलतो, दबतो, आत जातो. तिथे आता एक काळा खळगा.)

नर्सनं फास हातात धरला होता. ती तो तसाच, न उघडता, ट्रेमध्ये ठेवते.