भाडेकरार, डिपॉझिट आणि फ्लॅटची खरेदी: नोटरीच्या कागदावर का थांबू नये

नमस्कार. घर भाड्याने घेताना किंवा विकत घेताना विचारले जाणारे काही नेहमीचे प्रश्न आज आपण पाहणार आहोत. येथे सांगितलेले नियम महाराष्ट्रातील घरांसाठी आहेत. गोव्यात आणि इतर राज्यांत भाड्याचे व मुद्रांकाचे कायदे वेगळे असल्यामुळे ते तेथे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

सुरुवात सर्वाधिक विचारल्या जाणाऱ्या प्रश्नापासून करू. भाडेकरार अकरा महिन्यांचाच का करतात, आणि अकरा महिन्यांचा असेल तर त्याची नोंदणी करावीच लागते का?

अकरा महिन्यांची प्रथा 1908 च्या नोंदणी कायद्यातून आली आहे. एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्या कायद्याने सक्तीची केली आणि ती टाळण्यासाठी देशभर लोकांनी एक महिना कमी करून कागद तयार करण्यास सुरुवात केली. महाराष्ट्रात मात्र या युक्तीचा उपयोग होत नाही, कारण 31 मार्च 2000 पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार (ठरावीक मुदतीसाठी घरात राहण्याची परवानगी देणारा भाडेकरार), मग त्याची मुदत कितीही असो, लेखी असला पाहिजे आणि नोंदणीकृतही असला पाहिजे. अकरा महिन्यांचा करार करण्यास कोणतीही हरकत नाही, परंतु मुदत अकरा महिन्यांची आहे म्हणून नोंदणी लागत नाही, हा समज चुकीचा आहे.

ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे, भाडेकरूवर नाही. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. माझ्या मते मालकाला अधिक महाग पडणारा परिणाम मात्र दुसराच आहे. नोंदणीकृत करार नसताना वाद निर्माण झाला, तर घर कोणत्या अटींवर दिले होते याबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. भाडे पंधरा हजार ठरले होते की वीस, मुदत एक वर्षाची होती की तीन वर्षांची, याबाबत मालकाकडे शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर नोटरीचा शिक्का मारलेला कागद असला, तरी त्याने नोंदणीची उणीव भरून निघत नाही. कागदावर सह्या आपल्यासमोर झाल्या एवढेच नोटरी प्रमाणित करतो. तो दस्त दुय्यम निबंधकाच्या, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, दप्तरी जात नाही.

नोंदणीचा खर्च फार येतो, अशी सबब नेहमी ऐकू येते, म्हणून हिशेब प्रत्यक्षच करून पाहू.

[पडद्यावर हिशेब]

समजा, भाडे दरमहा 20,000 रुपये, मुदत 11 महिने आणि परत करावयाचे डिपॉझिट 1,00,000 रुपये आहे. अकरा महिन्यांचे भाडे 2,20,000 रुपये होते. डिपॉझिटवर वार्षिक दहा टक्के दराने व्याज धरले जाते, ते अकरा महिन्यांचे सुमारे 9,167 रुपये होते. या दोन्हींच्या बेरजेवर, म्हणजे सुमारे 2,29,167 रुपयांवर, 0.25 टक्के मुद्रांक शुल्क लागते आणि ते साधारण 573 रुपये भरते. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क 1,000 रुपये आहे. याशिवाय दस्त हाताळणीचे किरकोळ शुल्क आणि एजंटची सेवा घेतल्यास त्याचे पैसे. म्हणजे वर्षभराच्या निवाऱ्याचा पक्का कागद एका महिन्याच्या भाड्याच्या दहाव्या भागाहूनही कमी सरकारी खर्चात तयार होतो. आधार क्रमांक आणि बोटाच्या ठशाच्या साहाय्याने हे काम घरबसल्याही होते.

नोंदणीमुळे मालकाला काय मिळते, हेही समजून घेतले पाहिजे. लिव्ह अँड लायसन्समध्ये राहणाऱ्याला घरात राहण्याची केवळ परवानगी असते. त्या मालमत्तेत त्याचा कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. मुदत संपल्यावरही त्याने घर सोडले नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम 24 नुसार मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. तेथे लेखी करारातील मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो आणि मुदत संपल्यानंतर ताबा सोडेपर्यंतच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे चालणाऱ्या दाव्याच्या तुलनेत ही वाट कितीतरी जवळची आहे.

आता डिपॉझिट. लिव्ह अँड लायसन्ससाठी किती डिपॉझिट घ्यावे, याची कमाल मर्यादा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात नाही. दोन महिन्यांच्या भाड्याची जी मर्यादा समाजमाध्यमांवर फिरत असते, ती केंद्र सरकारच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यातील आहे आणि तो कायदा नमुन्याचा असल्यामुळे राज्याने स्वीकारल्याखेरीज बंधनकारक होत नाही. त्यामुळे डिपॉझिट किती, ते किल्ली परत करताना त्याच दिवशी मिळणार की नंतर, रंगकाम आणि मोडतोड यांसाठी किती रक्कम कापता येईल, विजेचे शेवटचे बिल कोणी भरायचे, हे सर्व करारातच लिहून घ्यावे लागते. घराचा ताबा घेताना भिंती, नळ, पंखे आणि फर्निचर यांचे तारखेसह फोटो काढून मालकाला पाठवून ठेवावेत. डिपॉझिट रोख देऊ नये. खात्यातून वळते करावे आणि करारात त्या व्यवहाराचा क्रमांक नमूद करावा.

मुंबई आणि पुण्यात ‘हेवी डिपॉझिट’ नावाचा एक प्रकार चालतो. त्यात दहा-पंधरा लाख रुपये एकरकमी द्यायचे आणि भाडे नाममात्र किंवा अजिबात द्यायचे नाही, असे ठरते. भाडे वाचते म्हणून हा व्यवहार आकर्षक वाटतो, परंतु त्यातील जोखीम पूर्णपणे राहणाऱ्याच्या डोक्यावर असते. त्या घरावर मालकाचे कर्ज असेल आणि त्याने हप्ते थकवले, तर बँक थकीत कर्जाच्या वसुलीसाठी असलेल्या 2002 च्या सरफेसी कायद्याखाली घराचा ताबा घेऊ शकते. अशा वेळी राहणाऱ्याकडे केवळ परवाना असतो, त्यामुळे घर सोडून आपले दहा लाख मालकाकडूनच वसूल करण्याचा मार्ग त्याच्या हाती उरतो. आणि जो माणूस बँकेचे हप्ते भरू शकला नाही, तो आपले पैसे कोठून देणार, हा विचार आधीच करावा. जन्माची बचत अशा रीतीने एका परवान्यावर ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोसायटीविषयीचे प्रश्न थोडक्यात पाहू. फ्लॅट भाड्याने देण्यासाठी आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायटीच्या नमुना नियमावलीनुसार, सोसायटीला कराराच्या प्रतीसह कळवणे अपेक्षित आहे. मालक स्वतः राहत नसून फ्लॅट भाड्याने दिला असेल, तर सोसायटीला बिनभोगवटा शुल्क घेता येते, परंतु राज्य सरकारच्या 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही आणि त्या हिशेबात महापालिकेचे कर धरायचे नसतात. संपूर्ण मासिक देखभाल बिलाच्या दहा टक्के आकारणी होत असेल, तर बिलाची फोड मागावी. अनेक शहरांत भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे पोलीस आयुक्तांच्या आदेशाने बंधनकारक असते, ते कामही विसरू नये.

भाडे दरमहा 50,000 रुपयांपेक्षा अधिक असेल, तर नोकरदार भाडेकरूलाही त्यातून टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारजमा करायचा आयकर, कापावा लागतो. 1 ऑक्टोबर 2024 पासून हा दर दोन टक्के आहे. घरमालक अमेरिकेत किंवा दुबईत राहणारा अनिवासी असेल, तर ही पन्नास हजारांची मर्यादा लागू नसते आणि कपातीचा दरही बराच अधिक असतो. मालकाचे भारतात बँक खाते आहे म्हणून तो निवासी ठरत नाही, हे भाडेकरूंच्या सहसा लक्षात येत नाही.

आता खरेदीकडे वळू. येथेही पहिली अडचण कागदाचीच असते. घर पसंत पडले, बोलणी झाली आणि विसार पावतीवर, म्हणजे आगाऊ रकमेच्या पावतीवर, मोठी रक्कम देऊन टाकली, असे वारंवार घडते. विसार पावतीने मालकी मिळत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची स्थावर मालमत्ता विकत घ्यायची असेल, तर नोंदणीकृत दस्तच लागतो. कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ ॲटर्नीवर) घर ‘विकले’ असे म्हणण्यालाही अर्थ नाही, कारण अशा व्यवहाराने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लँप प्रकरणात स्पष्ट केले आहे. नवीन प्रकल्पात तर रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांचे नियमन करणाऱ्या कायद्याच्या कलम 13 नुसार करारनामा नोंदवण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेताच येत नाही. वीस टक्के भरा, मग ॲग्रीमेंट करू, असे विक्री कार्यालयातून सांगितले गेले, तर ते कायद्याविरुद्ध आहे.

जुना फ्लॅट घेताना सूची क्रमांक 2, म्हणजे ज्याला सर्वजण इंडेक्स टू म्हणतात, तो नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा देणारा एक पानाचा कागद नीट वाचावा.

[पडद्यावर सूची क्रमांक 2 चा कोरा नमुना]

सर्वांत वर विलेखाचा प्रकार असतो. तो करारनामा आहे, बक्षीसपत्र आहे की हक्कसोडपत्र, हे आधी पाहावे. त्याखाली मोबदला आणि बाजारभाव असे दोन वेगळे आकडे असतात. मुद्रांक शुल्क या दोहोंपैकी जो आकडा मोठा असेल त्यावर आकारले जाते. पुढे भूमापन क्रमांक आणि क्षेत्रफळ, मग दस्त लिहून देणाऱ्यांची व लिहून घेणाऱ्यांची नावे आणि दस्त करून दिल्याची व नोंदवल्याची तारीख असते. लिहून घेणाऱ्यांमध्ये दोन नावे असतील आणि आज घर विकायला एकच व्यक्ती समोर आली असेल, तर दुसऱ्या नावाचे काय झाले, हा प्रश्न तेथेच विचारला पाहिजे.

याचे उत्तर पुष्कळदा असे मिळते, की वडील वारले आणि आता सोसायटीच्या दप्तरी नॉमिनी म्हणून माझे नाव लागले आहे. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे आणि एकमेव मालक तर मुळीच नव्हे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात 2019 मध्ये आलेल्या तरतुदीनुसार नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सदस्य करून घेते, परंतु घराची मालकी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे ठरते. म्हणून बहीण, भाऊ, आई या सर्वांनी विक्रीच्या दस्तावर सह्या करणे किंवा आपला हिस्सा नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडणे आवश्यक असते. साध्या कागदावर ‘आमची हरकत नाही’ असे लिहून दिल्याने हिस्सा संपत नाही. एखादा भाऊ लंडनला असेल, तर तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेले कुलमुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावे लागते. या पायरीवर घाई करणाऱ्या विक्रेत्याला मी तरी पुढचा धनादेश देणार नाही.

बँक कर्ज देते आहे म्हणजे कागद स्वच्छ असणारच, असेही गृहीत धरू नये. बँकेचा वकील बँकेपुरते पाहतो. आपण स्वतःच्या वकिलाकडून मालकीच्या मागील नोंदींचा तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा आणि इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहण्यास अधिकृत परवानगी देणारा दाखला, आहे का, हे विचारावे.

पैशांचा अंदाज बांधताना बहुतेकांचे गणित मुद्रांक शुल्कापाशी चुकते. पुणे महापालिका हद्दीतील 60 लाखांचा, बांधकाम सुरू असलेला फ्लॅट घेऊ. मुद्रांक शुल्क आणि त्यावरील अधिभार मिळून सात टक्के, म्हणजे 4,20,000 रुपये. नोंदणी शुल्क 30,000 रुपये. आणि पाच टक्के जीएसटी, म्हणजे 3,00,000 रुपये. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांच्या कर्जात घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते आणि मुद्रांक व नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरला जात नाही. म्हणून 48 लाखांचे कर्ज मिळाले, तरी स्वतःचे 12 लाख आणि वरचे साडेसात लाख मिळून साडेएकोणीस लाख रुपये हाताशी हवेत. खरेदी केवळ महिलेच्या नावावर असेल, तर मुद्रांकात एक टक्का सवलत मिळते. पतीचे नाव जोडले की ती जाते. इमारतीला पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर जीएसटी लागत नाही.

किंमत 50 लाख किंवा त्याहून अधिक असल्यास खरेदीदाराने एक टक्का टीडीएस कापून सरकारजमा करायचा असतो. विक्रेता अनिवासी असेल, तर हा नियम बदलतो आणि कपात कितीतरी अधिक होते; तेव्हा कमी दराने कपात करण्याचे प्रमाणपत्र विक्रेत्याने आयकर खात्याकडून आधी आणावे. कापायचा राहिलेला कर पुढे खरेदीदाराकडूनच वसूल होतो.

शेवटचा प्रश्न कर्ज फिटल्यानंतरचा आहे. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क घेता येत नाही. 1 डिसेंबर 2023 पासूनच्या नियमानुसार संपूर्ण कर्ज फिटल्यावर 30 दिवसांच्या आत बँकेने मूळ दस्त परत केले पाहिजेत आणि बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला 5,000 रुपये भरपाई दिली पाहिजे. दस्त परत घ्यायला जाताना, कर्जाच्या वेळी बनवलेली कागदपत्रांची यादी सोबत न्यावी, प्रत्येक दस्त तिच्याशी ताडून मगच पोचपावतीवर सही करावी आणि दुय्यम निबंधकाच्या दप्तरात गहाणाची जी सूचना दाखल झाली होती, तिच्या मुक्ततेची नोंद झाली का, हेही तपासून घ्यावे.