हातचा राहून गेला होता

नमस्कार श्रोतेहो,

"बाई, माझा आवाज येतोय का?"

महामारीनंतर शाळा पुन्हा भरली त्या दिवशी तिसरीच्या वर्गात, माझ्यापासून चार हातांवर उभ्या असलेल्या एका मुलीनं मला हे विचारलं. पहिली आणि दुसरी तिनं फोनवरच केली होती. बोलायच्या आधी हे विचारायचं असतं, एवढं तिच्या मनात पक्कं बसलं होतं. मी म्हटलं, "येतोय गं, छान येतोय." ती खाली बसली. खरं काय विचारायचं होतं, ते विसरूनच गेली.

त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट. एका मुलाला मी बेरीज दिली, ४७ अधिक ३८. त्यानं उत्तर लिहिलं ७१५. मी त्याच्या शेजारी बसले आणि म्हटलं, कसं केलंस ते सांग. "सात आणि आठ पंधरा. चार आणि तीन सात." दोन्ही बेरजा बरोबर होत्या. सात मांडून त्याच्यापुढे त्यानं पंधरा लिहिले होते. हातचा म्हणजे काय, हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. फोनवर फळ्याचा फोटो आला होता, त्यात चारच्या डोक्यावर एक बारीकसा १ होता. तो त्यानं वहीत इमानेइतबारे उतरवलाही होता. पण तो १ तिथं का बसलाय, हे फोटो कसा सांगणार?

युनेस्कोच्या नोंदींप्रमाणे एप्रिल २०२० मध्ये जगभरातले दीडशे कोटींहून जास्त विद्यार्थी घरी होते. युगांडात तर सगळ्या वर्गांसाठी शाळा उघडायला जानेवारी २०२२ उजाडला. त्या काळात सगळीकडे एक वाक्य ऐकू यायचं, मीही ते म्हटलं आहे: मुलं लहान आहेत, काढतील भरून.

पण आपोआप भरून निघत नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये पाकिस्तानच्या उत्तर भागात मोठा भूकंप झाला. तिथल्या शाळा सरासरी १४ आठवडे बंद राहिल्या, म्हणजे साधारण सव्वातीन महिने. चार वर्षांनी संशोधकांनी मुलांच्या चाचण्या घेतल्या. घरं तोवर पुष्कळशी सावरली होती. भूकंपाच्या पट्ट्याजवळची मुलं मात्र दूरच्या मुलांपेक्षा दीड-दोन वर्षांच्या अभ्यासाइतकी मागे होती. शाळा बंद सव्वातीन महिने, आणि तूट दीड वर्षाची! भूकंपाचा धक्का होताच, पण एवढी मोठी तूट एकट्या सुट्टीची नव्हे. मला त्याचं कारण वर्गात रोज दिसतं. शाळा उघडते ती पुस्तकाच्या पुढच्या पानावर उघडते. मूल मागच्या पानावर असतं. आजचा धडा त्याला कळत नाही, म्हणून उद्याचा कळत नाही, आणि शाळा सुरू असतानाच अंतर वाढत जातं.

त्याच अभ्यासातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या मुलांच्या आयांनी निदान प्राथमिक शिक्षण पुरं केलं होतं, त्यांच्यात ही तूट दिसली नाही. प्राथमिक शाळा शिकलेली आई मुलाशेजारी बसली, तर एवढा फरक पडतो.

रेडिओवरून बोलते आहे, म्हणून आणखी एक आठवण सांगते. १९३७ साली शिकागोत पोलिओच्या साथीमुळे शाळा उघडणं लांबलं, तेव्हा तिथल्या रेडिओ केंद्रांनी मुलांसाठी पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ प्रसारित केले. वर्तमानपत्रांनी त्यांची वेळापत्रकं छापली. आणि पालकांच्या शंकांसाठी शिक्षक टेलिफोनपाशी बसून राहिले. मला त्यातलं हे शेवटचं सगळ्यात आवडतं. आवाज एकाच बाजूनं जाऊ दिला नाही त्यांनी.

आता आजचं. पुष्कळांना वाटतं की हा विषय संपला. आकडेही तसंच म्हणतात. 'असर' या, घरोघरी जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये सुमारे २७ टक्के होती. २०२२ मध्ये ती साडेवीस टक्क्यांवर घसरली आणि २०२४ मध्ये पुन्हा २७ च्या घरात आली. चांगली बातमी आहे ही. पण जरा थांबून विचार करा. २०२४ साली तिसरीत असलेली मुलं वेगळी आहेत. ती शाळेत आली तेव्हा शाळा उघडत होत्या. २०२२ साली जी तिसरीत अडखळत होती, ती पुढे गेली, पाचवीत, मग त्याच्याही पुढे. आकडा सावरला, पण ती मुलं सावरली का, हे त्या आकड्यात कुठंच नाही.

अशा मुलांना "मुळातच कच्चं आहे" हा शिक्का फार लवकर बसतो. कृपा करून असं म्हणू नका. ज्या वयात जोडाक्षरं बाईंच्या ओठांकडे बघून शिकायची, त्या वयात यांना शिकवणाऱ्या माणसाचा चेहरा धड दिसला नाही. वर्ग उघडले तेव्हाही तोंडावर मास्क होते. यात मुलांचा काय दोष?

उपाय आहे, आणि तो अवघड नाही. 'प्रथम' या संस्थेनं तो वर्षानुवर्षं वापरून दाखवला आहे. दिवसातला थोडा वेळ इयत्ता बाजूला ठेवायची आणि जे मूल जिथं आहे तिथून त्याला शिकवायचं. अक्षरं ओळखणाऱ्यांचा एक गट, शब्द वाचणाऱ्यांचा दुसरा, परिच्छेद वाचणाऱ्यांचा तिसरा. चौथीतलं मूल दुसरीतल्या मुलाशेजारी बसलं तरी हरकत नाही. पोर्शन मागे राहील, ही भीती मलाही वाटायची. पण मुलाच्या डोक्यात न उतरलेला पोर्शन पुरा झाला, असं कसं म्हणायचं?

त्या ७१५ वाल्या मुलाला मी काड्या दिल्या. सात आणि आठ मिळून पंधरा सुट्या काड्या. त्यातल्या दहांना त्यानं रबरबँड लावला, जुडी झाली. ती त्यानं उचलली, क्षणभर हातातच धरून ठेवली आणि मग दशकाच्या जुड्यांशेजारी नेऊन ठेवली. जुड्या मोजल्या, आठ. सुट्या पाच. "पंच्याऐंशी!" वहीत चारच्या डोक्यावर बसलेल्या त्या बारीक १ कडे त्यानं बोट दाखवलं आणि म्हणाला, "ही जुडी आहे होय!"

तुमच्या घरात त्या वयाचं मूल असेल, तर आज जेवणं झाली की कुठल्याही पुस्तकातलं एक पान त्याला मोठ्यानं वाचायला सांगा. मध्ये टोकू नका. जिथं अडेल ते शब्द कागदावर लिहून घ्या आणि तो कागद उद्या त्याच्याबरोबर शाळेत पाठवा. माझ्या वर्गातल्या आयांना मी हेच सांगितलं होतं. पहिली चिठ्ठी आली तिच्यावर तीन शब्द होते, आणि आईच्या हातचं वाकडंतिकडं एक वाक्य: बाई, मलाही येत नाहीत, दोघांना शिकवा.