कानापुढचं बोटभर दुखणं

(कानाच्या पुढ्यात टेकवलेलं बोट. तोंड उघडतं, मिटतं.)

कानाच्या अगदी पुढे बोट टेकवा आणि तोंड उघडा. बोटाखाली काहीतरी सरकतं ना? तोच जबड्याचा सांधा. बोलताना, जेवताना, जांभई देताना तो दिवसभर हलत असतो.

या सांध्यात पू होणं दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणूनच ते नजरेतून सुटतं. कानापुढे सूज आली, तोंड उघडेना, की घरात पहिला अंदाज गालगुंडाचा. मग अक्कलदाढेचा. कुणी कानात थेंब घालतं, कुणी दुखायची गोळी घेतं. ताप असेलच असं नाही. तो नसला की सगळेच निर्धास्त होतात. आणि तिकडे पू आतली कूर्चा खात असतो.

(आरशासमोर दात मिटून पाहणारी रुग्ण.)

समजा, मधुमेह असलेल्या एक मावशी तपासणीला आल्या आहेत. गाल धरून सांगतायत, “डॉक्टर, या बाजूच्या दाढा टेकतच नाहीत हो.”

हे वाक्य कानावरून जाऊ देऊ नये. सांध्याच्या खोबणीत पू साठला की खालच्या जबड्याचं टोक खाली ढकललं जातं. त्या बाजूच्या दाढांत फट पडते, हनुवटी दुसऱ्या बाजूला झुकते. मला या आजाराची सर्वांत बोलकी खूण हीच वाटते. ती पाहायला यंत्र लागत नाही, फक्त “दात मिटा बघू” म्हणावं लागतं.

जंतू येतात कुठून? रक्तातून, कानाच्या जुन्या संसर्गातून, दाढेतून, कधी मार लागून. बहुतेक वेळा सापडतो तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस. मधुमेह, संधिवात किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असतील तर धोका वाढतो.

(स्कॅनचा पडदा.)

साधा एक्स-रे सुरुवातीला अगदी स्वच्छ दिसू शकतो, कारण हाडातले बदल उशिरा उमटतात. त्याच्या भरवशावर राहू नये. एमआरआयमध्ये सांध्यात साठलेलं पाणी दिसतं, सीटी स्कॅनमध्ये आजूबाजूचा गळू आणि हाडाची झीज. पण पक्कं उत्तर देते ती सुई. कानासमोरच्या छोट्या उंचवट्यापासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत पेनानं एक रेघ आखतात. रेघेवर 10 मिलिमीटर पुढे, 2 मिलिमीटर खाली एक ठिपका. तिथून सुई आत जाते. सिरिंजमध्ये गढूळ, पिवळट द्रव चढतो आणि तो लगेच कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, रवाना होतो.

नमुना हाती आला की शिरेतून अँटिबायोटिक सुरू. कल्चरचा अहवाल आला की औषध त्याप्रमाणे बदलायचं, आणि ते काही आठवडे चालतं. पण नुसत्या औषधावर भागत नाही, पू बाहेर काढावाच लागतो. दोन सुयांनी हा सांधा धुण्याची पद्धत 1991 मध्ये मांडली गेली: एकीतून सलाइन आत, दुसरीतून बाहेर, द्रव स्वच्छ येईपर्यंत. तेवढ्यानं भागलं नाही तर दुर्बिणीनं किंवा सांधा उघडून सफाई.

लहान मुलांबाबत तर जीव जास्तच टांगणीला लागतो. जबड्याच्या वाढीचं एक महत्त्वाचं केंद्र याच सांध्यात असतं. उपचार लांबले तर हाड हाडाला जुळतं, सांधा गोठतो, चेहरा एका बाजूला खुंटतो. असं मूल दातांच्या फटीतून वरण-भात आत ढकलून जेवतं. म्हणूनच मुलाचा कान फुटल्यावर तोंड कमी उघडू लागलं, तर “होईल बरं” म्हणत वाट पाहू नका.

(खिडकीशी बसलेल्या मावशी. हातात लाकडी पट्ट्या.)

पू गेला, सूज ओसरली. आता आखडलेला जबडा मोकळा करायचा. जीभ दाबायला डॉक्टर वापरतात त्या लाकडी पट्ट्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, सोसेल तितक्याच. मावशींनी काल आठ बसवल्या होत्या. आज नववी पट्टी हळूच मध्ये सरकवतात, डोळे घट्ट मिटतात आणि मनात आकडे मोजू लागतात.