मालवणचा पुतळा आणि खारा वारा

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने आंबोली घाट उतरून मालवणला गेलेला आपल्या सीमाभागातला माणूस किनाऱ्यावरच्या राजकोटावर हमखास जातो, कारण तिथून समोर पाण्यातला सिंधुदुर्ग दिसतो आणि शिवछत्रपतींचा पुतळाही तिथेच आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, अनावरण झालेला तिथला ३५ फुटांचा पहिला पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा बेळगाव, खानापूर, निपाणीतही लोक हळहळले. तो का पडला, हेही आपण नीट समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

एवढा मोठा पुतळा भरीव नसतो. ब्राँझचे ओतीव भाग जोडून बाहेरची काया तयार होते आणि तिचा भार आतला पोलादी सांगाडा पेलतो. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत हयात घालवलेल्या श्रोत्यांना साचा, ओतकाम, वेल्डिंग यांत नवे काही नाही. मात्र समुद्राकाठी मिठाशी गाठ असते. ब्राँझ आणि साधे लोखंड एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये खारट ओल साचली, तर ब्राँझ जवळजवळ जसेच्या तसे राहते आणि लोखंड झपाट्याने खाल्ले जाते. बाहेरून पाहणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. पुतळा पडण्याच्या काही दिवस आधीच सार्वजनिक बांधकाम विभागाने नट-बोल्ट गंजल्याचे पत्राने कळवले होते. पुढे चौकशीतही गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग याच गोष्टी समोर आल्या.

१६६४ साली ज्या सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले, त्याच्या पायात शिसे ओतले गेले आणि तो तट आजही लाटा झेलतो आहे. त्याच्याच समोर महाराजांचा पुतळा नऊ महिनेही टिकू नये, हे जिव्हारी लागते.

मे २०२५ पासून त्याच जागी हाती तलवार घेतलेला ६० फुटांचा नवा पुतळा उभा आहे. दरवर्षी पावसाळा सरला की त्याचा आतला सांगाडा जाणकारांकडून तपासून घ्यावा, गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढावे, ब्राँझवर मेणाचा हात फिरवावा आणि तपासणीची नोंद चौथऱ्यापाशी सर्वांना वाचता येईल अशी लावावी. येळ्ळूरच्या राजहंसगडावरील पुतळ्याला खारा वारा लागत नसला, तरी आपल्याकडचा पाऊस काही कमी नाही. तिथेही अशीच नोंद असावी, ही मागणी आपण यंदाच करायला हवी. नमस्कार.