चिमटा

(पडद्यावर : जुन्या सायकलचा पुढचा भाग. हँडल, चिमटा, चाक. एवढंच.)

पंक्चर काढता येतं. साखळी उतरली तर बोटं काळी करून पुन्हा चढवता येते. पॅडल ढिलं झालं तर दगडानं ठोकून घरापर्यंत जाता येतं. पण पुढचा चिमटा तुटला की संपलं. चाकाला धरून ठेवणारं आणि हँडलचं ऐकायला लावणारं तेवढं एकच हाड सायकलला असतं. ते मोडलं की वर तुम्ही हँडल हवं तिकडं वळवा, खाली चाक आपल्या मनाचं.

युजेन क्रिस्तोफ नावाच्या फ्रेंच सायकलपटूच्या बाबतीत हे तीनदा झालं. तिन्ही वेळा टूर द फ्रान्स या अनेक टप्प्यांच्या सायकल शर्यतीत.

(पडद्यावर : क्रिस्तोफचा फोटो. भरघोस, टोकाला वळवलेल्या मिशा.)

हाच तो. जन्म १८८५चा, पॅरिसला लागून असलेल्या मालाकॉफचा. मूळचा कुलपं-किल्ल्या करणारा कारागीर. लोखंड तापवायचं कसं, ठोकायचं कुठं, हे हाताला माहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मिशांमुळे लोक त्याला ‘म्हातारा गॉल’ म्हणायचे. गॉल म्हणजे फ्रान्समधले प्राचीन काळचे रहिवासी.

हा माणूस किती चिवट होता, ते १९१० साली इटलीत दिसलं. मिलान ते सान रेमो, सुमारे २९० किलोमीटरची शर्यत. तारीख ३ एप्रिल, म्हणजे खरं तर वसंत ऋतू. पण टुर्कीनोच्या घाटात बर्फ पडत होतं आणि रस्ता दिसेनासा झाला होता. क्रिस्तोफच्या पोटात कळा यायला लागल्या, बोटं ताठरली. तो रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिला. एका वाटसरूनं त्याला उचलून जवळच्या खाणावळीत नेलं. मालकानं अंगावरचे ओले कपडे काढले, घोंगडीत गुंडाळलं. क्रिस्तोफ तिथंच उठाबशा काढत होता, रक्त हलावं म्हणून.

तेवढ्यात आणखी दोघे स्पर्धक आत आले. गारठा असा की त्यांनी हात थेट जाळात घातले. त्यातल्या एकाच्या पायातला बूट कधीच गळून पडला होता आणि त्याला पत्ताच नव्हता.

खिडकीतून चिखलानं माखलेले काही जण पुढे जाताना दिसले, तसा क्रिस्तोफ उठला. मालक सोडायला तयार होईना. ‘आगगाडीनं जातो’ अशी थाप मारून तो निघाला. अंगात उसनी विजार, गुडघ्याशी कापलेली. वाटेत पुढच्यांना एकेक करत गाठलं आणि सान रेमोत पोहोचला तेव्हा आपण पहिले आलो आहोत हेही त्याला ठाऊक नव्हतं. वेळ १२ तास २४ मिनिटं. निकालात दुसरा ठरलेला माणूस त्याच्यानंतर तासाभरानं आला. साठाहून जास्त जण निघाले होते, निकालात नावं लागली चौघांची. त्यानंतर महिनाभर क्रिस्तोफ रुग्णालयात होता आणि तब्येत पूर्वीसारखी व्हायला दोन वर्षं गेली.

(पडद्यावर : पिरेनीज पर्वत. ढगात शिरणारा कच्चा रस्ता.)

आता तुर्मले. फ्रान्स आणि स्पेनच्या मधल्या पिरेनीजमधला हा घाट. माथा २,११५ मीटरवर. १९१०च्या आधी टूर इकडे फिरकलीच नव्हती. टूर चालवणारा ऑंरी देग्रांज हा ‘लोटो’ या वर्तमानपत्राचा संपादक. सायकलवाल्यांचे जितके हाल, तितका पेपरचा खप, हा सरळ हिशोब. त्याचा सहकारी आल्फोन्स स्टाइनेस घाटाची पाहणी करायला गेला. मोटार बर्फात अडकली, म्हणून तो पायी निघाला, अंधारात वाट चुकला, धडपडला. गावकऱ्यांनी शोधून काढलं तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. सकाळी या पठ्ठ्यानं देग्रांजला तार ठोकली : तुर्मले पार केला, रस्ता उत्तम, जाण्याजोगा.

त्या तारेच्या भरवशावर टूर पिरेनीजमध्ये गेली. ओक्ताव्ह लापीझ हा पुढं त्याच वर्षी टूर जिंकणारा खेळाडू. सायकल ढकलत घाट चढताना तो आयोजकांच्या माणसांवर ओरडला, ‘खुनी आहात तुम्ही!’ मला विचाराल तर त्या तारेला दुसरं उत्तर नव्हतंच.

त्या काळच्या सायकलीचंही सांगायला हवं. टूरमध्ये गिअर बदलायची यंत्रणा वापरायला १९३७ पर्यंत बंदी होती. मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन वेगळ्या दात्यांची चक्रं. चढ आला की उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं. माथ्यावर पुन्हा तेच. जादा टायर खांद्यावरून आडवे गुंडाळलेले. आणि सगळ्यात जाचक नियम असा, की सायकल बिघडली तर ज्याची त्यानं दुरुस्त करायची. कुणी साधा हात लावायचा नाही.

(पडद्यावर : ‘९ जुलै १९१३. बायोन ते ल्युशॉं. ३२६ किलोमीटर.’)

उजाडायच्या कितीतरी आधी शर्यत सुटली. दुपारपर्यंत आघाडीवरचा दफ्राय गळाला होता आणि एकूण वेळेच्या हिशोबात टूर क्रिस्तोफच्या हाताशी आली होती. तुर्मलेच्या माथ्यावर बेल्जियमचा फिलीप तीस पहिला पोहोचला, मागोमाग क्रिस्तोफ. उतार लागला. वेग वाढला आणि हँडल हातात वेगळंच लागायला लागलं. त्यानं ब्रेक दाबले, थांबला, खाली पाहिलं. चिमटा तुटला होता.

गंमत बघा, ही गोष्ट त्यानं तेव्हा उघडपणे सांगितली नाही. सायकल देणाऱ्या कंपनीचं नाव खराब होईल म्हणून.

चढावर ज्यांना मागं टाकलं होतं ते सगळे सूं सूं करत बाजूनं निघून गेले. क्रिस्तोफ रडत होता, दुःखानं कमी, संतापानं जास्त. मग सायकल खांद्यावर घेतली, पुढचं चाक हातात धरलं आणि चालायला लागला. किमान दहा किलोमीटर. मधेच एखादी पायवाट थेट खाली जाते का, तेही शोधत होता. दोनेक तासांनी सेंत-मारी-द-कांपां हे गाव आलं. एका लहान मुलीनं त्याला लोहाराच्या पडवीशी नेऊन सोडलं.

(पडद्यावर : भट्टी. निखारे. भात्याचा आवाज, दुसरं काही नाही.)

लोहाराचं नाव लकोंत. तो लगेच कामाला लागणार, तोच शर्यतीचे पंच आडवे आले. लोहारानं फक्त तोंडानं सांगायचं, हात लावायचा नाही. प्रतिस्पर्धी संघांची माणसंही दाराशी उभी, पहाऱ्यासारखी.

मग क्रिस्तोफनं स्वतःच भट्टी हातात घेतली. लोखंड तापवलं. लाल झालं की ऐरणीवर आणायचं, ठोकायचं, मापाला बसतंय का बघायचं, नाही बसलं तर परत निखाऱ्यात. सकाळपासून हँडल धरून आंबलेल्या हातांनी. एका हातात सांडशी, दुसऱ्या हातात हातोडा. भाता चालवायला तिसरा हात आणायचा कुठून? तिथं सात वर्षांचा एक पोरगा घुटमळत होता. त्यानं भाता ओढला.

पंचांपैकी एकाला भूक लागली, जरा खाऊन येतो म्हणाला. तेव्हा क्रिस्तोफनं त्याला सुनावल्याचं सांगतात : भूक लागली असेल तर कोळसा खा. मी तुमचा कैदी आहे, शेवटपर्यंत राखण करा.

काम संपायला काही तास लागले. चिमटा बसवला, चाक घातलं आणि तो पुन्हा सायकलवर चढला. ल्युशॉंच्या आधी अजून दोन घाट बाकी होते, आस्पँ आणि पेरसूर्द. स्वतः जोडलेल्या चिमट्याच्या भरवशावर पेरसूर्दचा उतार उतरताना त्याच्या मनात काय असेल, याचा मी फार विचार करत नाही. पोटात गोळा येतो.

फिलीप तीस पोहोचल्यावर सुमारे ३ तास ५० मिनिटांनी क्रिस्तोफ पोहोचला. टूर हातची गेली होती. आणि वर दंड : दहा मिनिटं. का? भाता एका पोरानं ओढला, ही बाहेरची मदत. नंतर साहेबांनी उदार होऊन दंड तीन मिनिटांवर आणला. चार तास गमावून बसलेल्या माणसाला सात मिनिटं परत! तरीही त्यानं टूर पूर्ण केली. सातवा आला. फिलीप तीस जिंकला.

(पडद्यावर : पहिल्या महायुद्धानंतरचे उद्ध्वस्त रस्ते.)

मग युद्ध आलं. टूर जिंकलेले तिघे त्यात गेले. ‘खुनी’ म्हणणारा लापीझही, लढाऊ विमानाचा वैमानिक म्हणून. १९१९ साली टूर पुन्हा भरली तेव्हा साठाहून जास्त जण निघाले, निकालात उरले अकराच्या आतच. त्या वर्षी देग्रांजनं नवी टूम काढली. आघाडीवरचा माणूस लांबून ओळखू यावा म्हणून त्याला पिवळी जर्सी. पहिल्यांदा ती अंगात घातली क्रिस्तोफनं, १९ जुलैला, ग्रेनोब्लमध्ये. लोक ‘कॅनरी, कॅनरी’ म्हणून चिडवायचे.

पॅरिस दोन टप्प्यांवर आलं होतं आणि आघाडी जवळपास अर्ध्या तासाची. मेट्झ ते डंकर्क, ४६८ किलोमीटर, एका दमात. व्हॅलेन्सिएनजवळच्या फरसबंदीवर चिमटा तुटला. पुन्हा स्वतःच दुरुस्ती, पुन्हा तासाभराहून जास्त वेळ गेला. पिवळी जर्सी फर्मिन लांबोकडे गेली, क्रिस्तोफ तिसरा. लोकांना हे इतकं लागलं की त्यांनी त्याच्यासाठी वर्गणी काढली, अगदी विजेत्याच्या बक्षिसाच्या तोडीची.

तिसरा चिमटा १९२२ साली गेला, आल्प्समध्ये, गॅलिबिएच्या उतारावर. शेवटची टूर त्यानं १९२५ साली केली, चाळिशीत. एकही जिंकला नाही. १९७०मध्ये वारला.

(पडद्यावर : सेंत-मारी-द-कांपां, आज. तुर्मलेकडून उतरणारे सायकलवाले.)

गावात त्या लोहाराच्या भट्टीच्या जागी पाटी आहे. रस्त्याला लागून क्रिस्तोफचा पुतळाही उभा केलाय. त्याच्या हातात चिमटा आहे.