सर्व्हरचं बटण कुणाच्या हाती?

मंडळी, सर्व्हर एखाद्या गटाला महिनाभर वापरायला नेमून दिला, तर तो बंद-चालू कुणी करायचा, ॲडमिनने की वापरणाऱ्याने? माझं मत सांगतो: बटण वापरणाऱ्याला द्या, किल्ली मात्र देऊ नका.

ज्याला रूट (मशीनवरचा सर्वाधिकार) दिलं, त्याला बंद करण्याचा अधिकार मिळालेलाच आहे. तो आतून पॉवरऑफ देतो, संपलं. अडतं ते फक्त पुन्हा चालू करणं, आणि त्यासाठी रात्री-अपरात्री ॲडमिनला फोन. प्रत्यक्ष सर्व्हर नेमून देणारं ओपनस्टॅक आयरॉनिक हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर आणखी गंमत. मूळ सेटिंगमध्ये ते दर 60 सेकंदांनी मशीनची स्थिती पाहतं. नोंदीत चालू आणि प्रत्यक्षात बंद दिसलं, की स्वतःच पुन्हा चालू करतं. वापरणारा चक्रावतो. बंद करायचं तेही आयरॉनिकमार्फतच केलं, तर नोंद बदलते.

मग बीएमसीचा, म्हणजे सर्व्हर दुरून चालू-बंद करणाऱ्या चिपचा, पासवर्डच का देऊ नये? कारण बीएमसी हा मदरबोर्डवरचा स्वतंत्र संगणक आहे, सर्व्हर बंद असतानाही जागा. बीएमसीशी बोलण्याचा प्रोटोकॉल आयपीएमआय 2.0, त्यात खात्याचं नाव ठाऊक असलं, की लॉगिनआधीच पासवर्डचा हॅश (ज्यावरून पासवर्ड शोधता येतो असं सांकेतिक रूप) हाती लागतो. दोष प्रोटोकॉलचाच, त्यामुळे पॅचने भागत नाही. त्याचं यूडीपी 623 पोर्ट वेगळ्या व्हीलॅनमध्येच (अलग केलेल्या नेटवर्कमध्ये) ठेवायचं. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते. सर्व्हरवर रूट असलेला माणूस सर्व्हर आणि बीएमसी जोडणाऱ्या आतल्या केसीएस मार्गाने, पासवर्ड न देता, बीएमसीवर नवं खातं उघडू शकतो. म्हणून मशीन परत आलं की पुसून टाकण्याआधी बीएमसीवरची खाती तपासा, पासवर्ड बदला.

बटणामागे एक मध्यस्थ सेवा हवी. तिचं बीएमसी खातं ऑपरेटर पातळीचं पुरतं: पॉवर चालवता येते, खाती बदलता येत नाहीत. बटणं दोन ठेवा. 'सौम्य बंद' ऑपरेटिंग सिस्टमला नीट बंद होण्याचा एसीपीआय इशारा पाठवतं. लिनक्समधल्या सेवा सांभाळणारं सिस्टमडी प्रत्येक सेवेला थांबायला मुळात 90 सेकंद देतं, त्यामुळे दोन मिनिटं तरी वाट पाहा. 'सक्तीने बंद' वीजच तोडतं. मेमरीत अडकलेलं, डिस्कवर न पोचलेलं लिखाण, साधारण शेवटच्या अर्ध्या मिनिटाचं, गेलं समजा. फर्मवेअर अपडेट चालू असताना दोन्ही बटणांना ॲडमिनचं कुलूप हवं, नाहीतर बोर्डच निकामी व्हायचा. कुलपाचं कारण तिथेच दिसू द्या.

एक अधिकार मात्र पूर्ण ॲडमिनचा: वीज परत आल्यावर काय करायचं. पुण्यात गुरुवारची वीजबंदी तुम्हाला सांगायला नको. यूपीएस संपला आणि सगळ्या मशीनचं धोरण 'नेहमी चालू' असलं, तर वीज येताच सगळी एकदम उठतात, आणि रॅकला वीज वाटणाऱ्या पीडीयूचा ब्रेकर पडतो. 'आधीची स्थिती' ठेवली तरी तेच. धोरण 'बंदच राहा' ठेवा, आणि त्याच मध्यस्थ सेवेने रांगेने चालू करा: आधी डीएचसीपी (नेटवर्कवर पत्ते वाटणारा) आणि स्टोरेज, मग बाकीची, काही सेकंदांच्या अंतराने. त्या वेळात वापरणाऱ्याने बटण दाबलं, तर ती विनंती नाकारू नका, रांगेच्या शेवटी लावा.